नवमीचे पाहुणे

फाल्गुन लागण्याच्या बऱ्याच आधी पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत ‘ब्रज की होली’ झळकू लागते. मथुरा, वृंदावन, बरसाना, नंदगाव. पांढरे कपडे आणावेत, कॅमेऱ्याला प्लास्टिकचे वेष्टन असावे. जाणाऱ्यांत भाविक असतात, छायाचित्रकार असतात आणि नुसती धमाल करायला निघालेलेही असतात. बहुतेकदा हे तिघे एकाच माणसात वस्तीला असतात. त्यात वावगे काही नाही. आपल्याकडे जत्रेला जाणाऱ्याचा एक डोळा कळसाकडे आणि दुसरा पाळण्याकडे असतोच. देवालाही त्याची सवय झालेली असावी.

खटकते ती तिथे पोचल्यावर अनेकांच्या अंगात शिरणारी समजूत. होळी म्हणजे मोकाट सूट, आणि ब्रजात तर ती साक्षात कृष्णानेच दिलेली!

बरसान्याची लठमार होळी ज्यांनी रीलपुरतीच पाहिली आहे, त्यांचा असा समज होणे साहजिक आहे. पण इतका शिस्तीतला दंगा दुसरीकडे क्वचितच सापडेल. बरसाना राधेचे गाव, काही मैलांवरचे नंदगाव कृष्णाचे. फाल्गुन शुद्ध अष्टमीला बरसान्याहून नंदगावला होळीचे रीतसर बोलावणे जाते. ते स्वीकारल्याचा निरोप घेऊन नंदगावचा पंडा राधेच्या, म्हणजे लाडलीजींच्या, मंदिरात येतो आणि त्या आनंदात तिथे लाडू उधळले जातात. नवमीला नंदगावचे पुरुष, ज्यांना हुरियारे म्हणतात, ढाली घेऊन निघतात. बरसान्याच्या वेशीपाशी पीली पोखर नावाचे तळे आहे, तिथे थांबून डोक्याला जाडजूड पागोटी बांधतात. मग टेकडीवरच्या मंदिरात दर्शन, आणि त्यानंतर दोन्ही गावचे गोस्वामी समोरासमोर बसून गातात. याला समाज गायन म्हणतात. ब्रज भाषेतली ही पदे चेष्टेची, टोमण्यांची, प्रसंगी शिव्यांचीही असतात, कारण नाते सासुरवाडीचे. व्याह्यांनी एकमेकांची टर उडवली नाही तर लग्न अळणीच! गाणे संपले की रंगीली गलीत उतरायचे. तिथे घुंगट घेतलेल्या बायका लाठ्या घेऊन उभ्या असतात. महिनाभर दूधतूप खाऊन त्यांनी हात तयार केलेले असतात. पुरुषाने ढालीवर मार झेलायचा, उलट हात उचलायचा नाही.

आणि दशमीला बरसान्याचे पुरुष नंदगावला जातात आणि तिथल्या बायकांचा मार खातात.

कॅमेरे बहुतेक नवमीवर रोखलेले असतात, पण साऱ्या उत्सवाची नैतिक कळ मला या दशमीत दिसते. काल ज्याची थट्टा केली त्याच्या दारात आज उभे राहायचे आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाचा हात आपोआप तोलला जातो. ‘बुरा न मानो, होली है’ असे ती दोन गावे एकमेकांना म्हणू शकतात, कारण हिशेब दुसऱ्याच दिवशी फिटतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या पंचांगात दशमी नसते. नवमीच्या रात्री मथुरा जंक्शनवरून त्याची गाडी सुटते. ज्या अनोळखी मुलीच्या तोंडाला त्याने बळेच गुलाल फासला, ती त्याला पुन्हा कधी दिसणार नाही. ती त्याच्या गावी येऊन त्याला जाब विचारणार नाही. थट्टेला जबाबदारीत ठेवणारे सगळे धागे त्याने घरीच सोडलेले असतात. शिमग्याला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याचे तसे नसते. तो कितीही बोंबलला तरी पालखी त्याच्या अंगणात येते आणि वर्षभर त्याचे नाव त्या वाडीत घेतले जाते.

परिणाम व्हायचा तोच होतो. ब्रजातल्या होळीला गेलेल्या अनेक स्त्रियांनी, त्यांत छायाचित्रकार आहेत, परदेशी पाहुण्या आहेत, गर्दीत अंगचटीला येणाऱ्या हातांबद्दल उघडपणे लिहिले आहे. २०२३ च्या होळीला दिल्लीत एका जपानी तरुणीला घेरून रंग फासणाऱ्यांची चित्रफीत देशभर फिरली, तेव्हा पोलिसांना धरपकड करावी लागली. ते तर ब्रजही नव्हते. मोकाट सूट ही कल्पना मात्र तीच. विलक्षण आहे हे. ज्या उत्सवात काठी बाईच्या हातात दिली आहे, त्याच उत्सवाचे नाव घेऊन बाईला भिंतीशी दाबले जाते. आणि हे सगळे बाहेरचेच करतात असे म्हणून स्थानिक टोळक्यांना सोडूनही चालणार नाही.

गर्दीचा प्रश्न वेगळा, तो थोडक्यात. २०२४ मध्ये लाडू होळीच्या दिवशी लाडलीजी मंदिरात झालेल्या रेटारेटीत अनेक भाविक जखमी झाले. टेकडीवरचे मंदिर आणि बोळकंडी वाटा एका मर्यादेपलीकडे माणसे सामावू शकत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, गावालाच पाहुणे हवे आहेत. खरे आहे. उत्तर प्रदेश सरकार ‘रंगोत्सव’ भरवून बोलावते, गच्चीवरच्या जागांना भाव येतो, पेढेवाल्याची आणि ई-रिक्षावाल्याची वर्षाची बेगमी होते. मात्र सरकारचे निमंत्रण म्हणजे रस्त्यावरून चाललेल्या बाईचे निमंत्रण नव्हे. अष्टमीला बरसान्याहून बोलावणे नंदगावला गेलेले असते, आपल्याला नाही.

वृंदावनात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात भेटतो. नवरा गेल्यावर घराने दूर केलेल्या हजारो स्त्रिया, त्यांतल्या पुष्कळशा बंगालमधल्या, तिथल्या आश्रमांत राहतात. त्यांना रंग वर्ज्य मानला जाई. २०१३ मध्ये सुलभ इंटरनॅशनल या संस्थेने पुढाकार घेऊन त्यांची होळी घडवून आणली आणि पुढे २०१६ मध्ये ती गोपीनाथ मंदिरात झाली. पांढऱ्या साडीवर गुलाल उधळलेल्या त्या म्हाताऱ्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. ती छापून यायलाच हवी होती, कारण रूढी मोडल्याचे दिसणे हेच त्या दिवसाचे काम होते. पण आता दरवर्षी तोच सुरकुतलेला चेहरा, तोच गुलाल, तीच भिंग जवळ नेऊन टिपलेली नजर, आणि तिचे नावही न विचारता निघून गेलेला छायाचित्रकार. चित्र स्पर्धेला जाते, बाई आश्रमात परतते.

आपण मराठी माणसे त्या छायाचित्रांना भरभरून दाद देतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. त्यानंतरच्या संक्रांतींना आपल्या सोसायटीतल्या किती काकूंना हळदीकुंकवाचे बोलावणे गेले? वृंदावनच्या गुलालाने गहिवरणाऱ्याने हे एकदा घरात विचारून पाहावे. उत्तर देताना जीभ अडखळली तर वृंदावनला जाऊ नये असे मी म्हणणार नाही, पण कॅमेरा जरा खाली ठेवून जावे.

ब्रजात जाऊच नये, असा उपदेश मला मान्य नाही. जो उत्सव वसंत पंचमीपासून सुमारे चाळीस दिवस मंदिरामंदिरांत गायला जातो, तो पाहण्याची ओढ वाटणे हे चांगल्या अभिरुचीचेच लक्षण आहे. फक्त रंगीली गलीतल्या गच्चीसाठी पैसे मोजणाऱ्याने समाज गायनाला तासभर बसण्याची तसदी घ्यावी. भाषा पुरती कळली नाही तरी समोरचा गोस्वामी कोणत्या ओळीला हसतो आणि कोणत्या ओळीला डोळे मिटतो, ते कळते.

आणि सहली नेणाऱ्यांना एक विनंती. सूचनापत्रकात पांढऱ्या कपड्यांच्या ओळीखाली आणखी एक ओळ छापा: विचारल्याशिवाय कोणाला रंग लावायचा नाही, आणि नको म्हटले की थांबायचे. आपल्या बसमधला एखादा ती ओळ विसरला, तर बाकीच्यांनी तिथेच, त्याच गल्लीत, त्याचा हात धरावा.