कुणाचं देणं?

भाचीला बीडीएससाठी अखिल भारतीय कोट्यातून मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय मिळालंय, राज्याच्या यादीतून इथलं, घाटीजवळचं. ‘मामा, चांगलं कोणतं?’

फी, हॉस्टेल, नाव मोजून झालं. चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप दोन्हीकडे सारखीच. मोजायचा राहिला तो नवशिक्या हातापुढे तोंड उघडून बसणारा माणूस. खाजगी दवाखाना परवडत नाही म्हणून तो येतो आणि त्याच्या दाढेवर आपण डॉक्टर होतो. हे ऋण मुंबईतही होईल. इथे मात्र गुटख्याने तोंड आखडलेला पैठणचा शेतकरी तिच्याच बोलीत दुखणं सांगेल.

तरी ‘इथेच राहा’ म्हणणार नाही. दुसऱ्याला त्याग सांगणं सोपं असतं. ‘काय मिळेल’शेजारी ‘कुणाचं देणं लागेन’ हा रकाना तिनेच भरावा. आणि नको ती जागा वेळेत सोडावी. यादीत खाली कुणीतरी वाट पाहतंय.