पहिल्या परिच्छेदातील आशा

घराच्या भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगातला पांढरेपणा बहुधा टायटॅनियम डायॉक्साइडचा असतो. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. या पदार्थाच्या स्फटिकावर प्रकाश पाडला की पाणी दुभंगते; स्फटिकापाशी ऑक्सिजन आणि समोरच्या प्लॅटिनमपाशी हायड्रोजन सुटतो. पुढच्याच वर्षी तेलाचे संकट उद्भवले आणि त्या टिपणाला एकाएकी मोल आले. सूर्य आहे, पाणी आहे. मग इंधनाची ददात कसली?

ती आशा प्रयोगशाळांतून अजून तेवते आहे. आता स्फटिकाऐवजी काचेवर नॅनोदंड वाढवतात. आम्ल, पाणी आणि टायटॅनियमचे एक संयुग यांच्या मिश्रणात वीजवाहक थर दिलेली काच बुडवायची, टेफ्लॉनचे भांडे पोलादी कवचात घट्ट आवळायचे आणि दीडशे अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवायचे. सकाळी काचेवर दंडांची दाट राई उभी असते. दंडच का? प्रकाश लांबीभर शोषला जावा आणि त्याने मोकळ्या केलेल्या धनभाराला पाण्यापर्यंत जायला दंडाची जाडीच तेवढी ओलांडावी लागावी, म्हणून. युक्ती खरोखर देखणी आहे.

पण दंड कितीही सरळ उगवले तरी पदार्थाचा स्वभाव बदलत नाही. रूटाइलला ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी ऊर्जेचा किरण चालत नाही. म्हणजे जवळजवळ सारा दृश्य प्रकाश वाया. सूर्यप्रकाशातला उपयोगी किरण एकही न दवडता वापरला, तरी कार्यक्षमता सव्वादोन टक्क्यांच्या आसपास थांबते. हे गणित या विषयात काम करणाऱ्याला ठाऊक असते. तरीही शोधनिबंधाचा पहिला परिच्छेद बहुधा स्वच्छ इंधनाच्या गरजेने सुरू होतो. हे असत्य आहे काय?

शब्दशः नाही. गरज खरी, दंडही खरे. खोटे असलेच तर ते दोहोंमधल्या मोकळ्या जागेत आहे. झेनॉनच्या दिव्यात अतिनील किरण उन्हापेक्षा जास्त असले तर आकडा फुगतो. बाहेरून दिलेली वीज हिशेबातून वजा केली नाही तरी फुगतो. २००२ साली ‘सायन्स’मध्ये अशाच एका पापुद्र्यासाठी आठ टक्क्यांवरचा दावा आला, पुढल्या वर्षी त्याच नियतकालिकात त्या हिशेबावरचे आक्षेप छापले गेले. शास्त्राची लाज शास्त्राने राखली म्हणायची.

काहीजण म्हणतात, इंधन नसेल मिळाले, पण याच गुणातून आपोआप स्वच्छ होणाऱ्या काचा निघाल्या, म्हणजे श्रम सार्थकी लागले. हा युक्तिवाद मला पटत नाही. वाटेत सापडलेले नाणे हे वाट निवडण्याचे समर्थन होऊ शकत नाही. माझ्या लेखी समर्थन दुसरे आहे: धनभार कुठे अडखळतो हे या साध्या, स्वस्त, न गंजणाऱ्या पदार्थावर शिकता येते, आणि ते ज्ञान दुसऱ्या पदार्थांच्या कामी येते. मग तसेच लिहावे.

तसे लिहिले तर अनुदान मिळत नाही, असे उत्तर येते. ते खरे असेल, तर दोष एकट्या संशोधकाच्या पदरी का घालावा? अर्ज तपासणारी समितीही ते गणित जाणते आणि तरी इंधनाचा परिच्छेद मागते. अर्जाच्या पहिल्याच पानावर त्या सव्वादोन टक्क्यांसाठी एक रकाना ठेवायला काय हरकत आहे?