पिवळ्या पाण्याचा पुरावा

'काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. शिकल्यासवरल्या घरांतही ते तितक्याच खात्रीने बोललं जातं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन वाढलेलं दिसलं की कुणीतरी काका किंवा मावशी लगेच पत्ता सांगतात. अमुक गावाला एक बाबा आहेत, सकाळी उपाशीपोटी जायचं, पैसे घेत नाहीत, दोन-तीन खेपांत कावीळ उतरते. जाणाऱ्यांत बँकेतले साहेब असतात, प्राध्यापक असतात, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या घरची माणसंही असतात. या लोकांची टिंगल करावी असं मला वाटत नाही. त्यांचं ते वाक्य निम्मं खरं आहे, आणि सगळी अडचण त्या निम्म्या खरेपणातच आहे.

आपल्याकडे साथीने पसरणारी कावीळ बहुतेक वेळा हेपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. नेहमीच्या रुग्णाला देऊन विषाणू मारावा असं औषध या दोन्हींवर खरोखरच नाही. आणि तशी गरजही बहुतेकांना पडत नाही, कारण यकृत काही आठवड्यांत आपलं आपण सावरतं. म्हणून डॉक्टर सांगतात, विश्रांती घ्या, दारूला शिवू नका, मनाने गोळ्या खाऊ नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासू. सल्ला अचूक आहे. पण घरातला माणूस पिवळा पडलेला, अन्नावर वासना नाही, लघवी गडद झालेली, अशा वेळी तो सल्ला ऐकणाऱ्याला डॉक्टरांनी हात टेकल्यासारखा वाटतो. औषध का नाही, हा आजार आला कुठून, आमच्याच घरात का आला, हे प्रश्न बाहेर रांग लागलेली असताना कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. त्यांची उत्तरं मग दुसरीकडे मिळतात.

ती कशी मिळतात हे मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात जवळून पाहिलं आहे. अंगणात पाटावर एक विशीतला मुलगा बसला होता, मागे त्याची आई उभी होती. बाबांनी कसल्याशा सालीचा तपकिरी रस त्याच्या कोपरापासून बोटांपर्यंत चोळला, अगदी सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. मग परातीत चुन्याची निवळी ओतून तिच्यात त्याचे हात धरले आणि वरून खाली निपटायला सुरुवात केली. पांढुरकं पाणी बघता बघता पिवळं झालं. 'बघा ताई, केवढी मुरली होती अंगात,' बाबा म्हणाले. आईने परातीकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. इतके दिवस मुलाच्या शरीरात लपून बसलेलं काहीतरी तिला प्रत्यक्ष दिसलं होतं. मग बाबांनी पाऊण तास बसून पथ्य सांगितलं: तेल बंद, फोडणी बंद, हळद तर नावालाही नको, फुटाणे चालतील, उसाचा रस चालेल. कारणही सांगितलं. अंगात उष्णता फार झाली, जागरणं आणि बाहेरचं खाणं झालं, पित्त रक्तात उतरलं.

चुन्याच्या पाण्यामागचं रसायन अवघड नाही. आंब्याच्या सालीत आणि तशा इतर काही सालींत अशी द्रव्यं असतात, जी चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात पिवळी होतात. धडधाकट माणसाच्या हातांना तो रस चोळला तरी पाणी तितकंच पिवळं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रात्यक्षिक वर्षानुवर्षं शाळांमधून दाखवत आले आहेत. पुढच्या खेपेला पाणी फिकं करायचं तर रस कमी लावला की झालं. गळ्यात घातलेली काविळीची माळ दिवसागणिक लांबते, नाकात देवडांगरीचा रस सोडला की नाकातून पिवळं पाणी वाहतं. या सगळ्यांतून माणसाला एकच गोष्ट मिळते: आतलं अदृश्य कारण डोळ्यांना दिसतं.

पण हातचलाखी उघड करून विषय संपत नाही. ज्याची कावीळ गेली त्याला तुम्ही रसायन समजावायला गेलात तर तो म्हणतो, असेल, पण मी बरा झालो की नाही? त्याचं चूक नाही. तो बरा झालाच आहे. त्याला फसवलं आहे ते काळाने. आजार सुरू झाल्यापासून बरं होईपर्यंत जे आठवडे जातात, त्यांत जे काही केलं त्याला यश येतंच. आणि कालावधीची दुसरी फसवणूक याहून मोठी आहे. दूषित पाणी पोटात गेलं तो दिवस आणि डोळे पिवळे झाले तो दिवस, यांत साधारण महिना-सव्वा महिना जातो. जुलाब असते तर दुसऱ्या दिवशी माणूस म्हणाला असता, कालचं पाणी बाधलं. इथे महिन्यापूर्वीचं पाणी कुणाला आठवणार? आठवतं ते परवाचं जागरण, लग्नातलं तेलकट जेवण, उन्हातला प्रवास. कारण खरोखरच लपलेलं असतं, आणि लपलेलं आहे हा लोकांचा संशयही रास्त असतो. शोध मात्र चुकीच्या जागी घेतला जातो.

वैद्यकशास्त्रालाही हे कारण सहजी सापडलेलं नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीचे रुग्ण एकाएकी वाढले आणि काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. त्याआधी यमुनेला पूर येऊन पात्र सरकलं होतं आणि नजफगढ नाल्याचं मैलापाणी वजीराबादला शहरासाठी पाणी उचललं जातं त्या जागेकडे वळलं होतं. पाणीपुरवठ्याच्या लोकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. विषमज्वराची साथ आली नाही, तेव्हा संकट टळलं असंच वाटलं असणार. जिवाणू मेले होते, विषाणू पुढे गेला होता. त्यानंतरही जगभरचे तज्ज्ञ वीसहून अधिक वर्षं असंच धरून चालले की पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे ज्याला आपण हेपॅटायटिस ए म्हणतो तीच. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या एम. ए. श्रीनिवासन, खोर्शेद पावरी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी त्या जुन्या साथीतले, आणि नंतरच्याही साथींतले, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. ए ची नवी लागण झाल्याची खूण त्यांत मिळाली नाही. त्याच वर्षी मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधल्या साथीवरून हाच निष्कर्ष मांडला. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेतून केलेला अर्क स्वतः घेतला, तो आजारी पडला, आणि स्वतःच्याच नमुन्यात त्याने नवा विषाणू दाखवून दिला. तोच पुढे हेपॅटायटिस ई.

मला या हकिगतीत शास्त्राच्या विजयापेक्षा त्या जपलेल्या नमुन्यांचं मोल जास्त वाटतं. आपलं म्हणणं उद्या चुकीचं ठरू शकेल अशी वस्तू कुणीतरी जपून ठेवली होती. चुन्याच्या परातीत अशी सोय नाही. पाणी पिवळं झालं तर कावीळ उतरली, फिकं झालं तर संपत आली, रुग्ण दगावला तर पथ्य मोडलं. काहीही घडलं तरी बाबा बरोबरच ठरतात.

याउलट एक दुसरं पिवळं पाणी आपल्या गावागावांत रोज व्हायला हवं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाचं पाणी छोट्या नळीत घेतो, त्यात ऑर्थोटॉलिडीनचे थेंब टाकतो. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. गावकरी याला ओटी टेस्ट म्हणतात. ही चाचणी 'नाही' म्हणू शकते, म्हणूनच तिच्या 'हो'ला किंमत आहे. ती पुरेशी नाही हे दिल्लीने दाखवलंच आहे, मैलापाणी जास्त मिसळलं तर नेहमीचं क्लोरीन अपुरं पडतं. तरी ती करून पाहणारा माणूस निदान योग्य जागी वाकलेला असतो.

ती योग्य जागा कशी दिसते? आपल्या बहुतेक शहरांत नळाला दिवसातून तास-दोन तास पाणी येतं, काही ठिकाणी दोन-चार दिवसांआड. बाकीचा वेळ नळी रिकामी. ती गल्लीतल्या गटारातून गेलेली असते, जोडणीला गोणपाट किंवा रबरी ट्यूब गुंडाळलेली असते. पाणी चालू असताना त्या फटीतून बाहेर गळतं, बंद झालं की नळीत ओढ तयार होते आणि तीच फट गटारातलं पाणी आत घेते. त्यात घरोघरी नळाला थेट मोटार लावलेली, म्हणजे ओढ आणखी वाढली. म्हणूनच पाणी आलं की पहिली बादली गढूळ येते आणि बायका ती सवयीने अंगणात सोडून देतात. कुठल्या घराला काविळीचा धोका आहे याचा अंदाज त्या बादलीवरून येतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हेपॅटायटिस ईची मोठी साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेचं प्रदूषण ही तिथली तेव्हाही जुनी तक्रार होती. अशा गावात रुग्णाला 'तुझ्या अंगात उष्णता झाली' म्हणणं म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा त्याला.

पर्यायी उपचारांवर माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. ते आजाराचं कारण रुग्णाच्या शरीरात आणि त्याच्या वागण्यात कोंडतात. शेजारच्या तीन घरांत कावीळ असली तरी प्रत्येकाची उष्णता वेगळी, प्रत्येकाचं पथ्य वेगळं. कारण खाजगी झालं की तक्रारही खाजगी होते, नगरपालिकेच्या दारात कुणी जात नाही. आणि हाच दोष मला दवाखान्यातही दिसतो. डोळे पिवळे पाहून रक्ताच्या चार तपासण्या लिहून देणारे, यकृताच्या 'टॉनिक'ची बाटली हाती ठेवणारे डॉक्टर 'तुमच्या गल्लीत आणखी कुणाला झाली आहे का' एवढं विचारत नाहीत. ते टॉनिक म्हणजे चुन्याच्या पाण्याचीच दवाखान्यातली आवृत्ती आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं.

आयुर्वेदाला या बाबांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. चरकसंहितेत पांडुरोगाच्या जोडीने कामलेचं वर्णन येतं, आणि पित्ताची वाट अडली तर रुग्णाचं शौच वाटलेल्या तिळासारखं फिकं होतं ही नोंदही तिथे आहे. हे फार बारकाईचं निरीक्षण आहे. पित्ताच्या नळीत अडकलेला खडा, स्वादुपिंडाच्या डोक्याशी वाढलेली गाठ, बाळाची जन्मतः बंद असलेली पित्तनलिका, यांत आजही डॉक्टर हाच प्रश्न विचारतात. तशा बाळाचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं. माळ घालून आणि उन्हात धरून महिने गेले तर यकृत कायमचं जातं. परातीपुढे बसलेल्या त्या मुलाला शौचाचा रंग कुणीही विचारला नाही. परंपरेतलं निरीक्षण गळून गेलं आणि देखावा तेवढा शिल्लक राहिला.

आणि 'झाडपाल्याने अपाय तरी काय होणार' हा भरवसाही तपासायला हवा. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद होऊ द्यावा, तो व्हायलाच हवा, पण यकृत आधीच सुजलेल्या माणसावर हा प्रयोग करू नये एवढं तरी दोन्ही बाजूंनी मोठ्याने सांगावं.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो गरोदर बाईसाठी. हेपॅटायटिस ई इतर बहुतेकांना काही आठवडे त्रास देऊन सोडून देतो, पण शेवटच्या तिमाहीतल्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. अशा बाईला फोडणी बंद, तेल बंद, फुटाण्यांवर राहा असं सांगितलं जातं. जिला चौरस जेवण आणि मोठं रुग्णालय हवं, ती उपाशीपोटी एसटीने बाबांच्या गावाला जाते. तिच्या सासूला दोष देण्यात अर्थ नाही. सासूला कुणीतरी पाऊण तास बसून समजावलं होतं, आणि तो माणूस डॉक्टर नव्हता.

तो पाऊण तास आरोग्यव्यवस्थेने द्यायला शिकलं पाहिजे. दर वेळी डॉक्टरच हवा असं नाही, आशाताई हे काम उत्तम करू शकतात, त्यांना त्यासाठी वेळ आणि मोबदला मिळाला तर. घरात कावीळ निघाली की त्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात: हे बहुधा महिन्यापूर्वीच्या पाण्यातून आलं आहे, बहुधा आपलं आपण बरं होईल, आणि गुंगी, सततची उलटी, रक्तस्राव, फिकं शौच किंवा गरोदरपण यांतलं काही असेल तर आज रात्रीच दवाखाना गाठायचा. जेवण रोजचंच ठेवायचं, हळदीसकट. मग आई-वडिलांना सोबत घेऊन नळाशी जावं, पहिली बादली भरावी, ओटी टेस्ट त्यांच्यादेखत करावी. पाणी पिवळं झालं नाही तर नळीत पाहिलेलं लिहून त्याखाली गल्लीतल्या प्रत्येक घराची सही घ्यावी, आणि तो कागद पाणीपुरवठा विभागात देऊन पोच घ्यावी.