गर्दीवर चालणारं दुकान

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर माझं घर चालतं. पुण्यात बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात गाळा आहे. भरतीची जाहिरात निघाली की गल्ला भरतो. त्या पैशाकडे कोणत्या नजरेनं बघायचं, हा प्रश्न तलाठी भरतीपासून मनात आहे.

२०२३ च्या जूनमध्ये ती जाहिरात आली. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांवर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त पदवीधर. सरकारनं परीक्षेचं काम टीसीएस या खासगी कंपनीकडे दिलं. १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर, दिवसाला तीन सत्रं. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून गुणांचं सामान्यीकरण करून एकच यादी लावली. त्या यादीत २०० पैकी २१४ गुण दिसले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. सूत्रानं तसं होऊ शकतं. पण ज्याचं वर्ष त्यात गेलं, त्याला ते सूत्र धड कुणी समजावलं नाही. अर्जाचं शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये, राखीव वर्गाला ९००. साधा गुणाकार केला तरी रक्कम नव्वद कोटींच्या वर जाते.

इतक्या अर्जांना चाळणी लागणारच. खासगी कंपन्याही लावतात. दहावी, बारावी आणि पदवीला साठ टक्के नसतील तर कित्येक ठिकाणी अर्ज माणसाच्या हाती पोचतच नाही, संगणकच बाजूला काढतो. चाळणी लावण्यात मला पाप दिसत नाही. पण चाळणीचा खर्च गळणाऱ्यांकडूनच घ्यायचा आणि का गळलात तेही सांगायचं नाही, हे न्यायाचं नाही.

हे म्हणताना बोट माझ्याकडेही वळतं. त्याच पोरांच्या खिशातून मीही घेतो. तलाठीचा निकाल लागल्यावर एक मुलगी पिशवीभर पुस्तकं परत विकायला आली होती. प्रत्येक धड्याच्या कडेला पेन्सिलीनं उजळणीच्या तारखा, काही धड्यांना चार-चार. कुठे काय चुकलं हे तिला माहीत नव्हतं. मी बाजारभावानं पैसे दिले, व्यवहार चोख झाला. तरी त्या तारखा डोळ्यांपुढून हलल्या नाहीत.

मी कुणाला फसवत नाही, छापील किमतीहून कमीच घेतो, असं मन सांगतं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. मुखपृष्ठावर ‘हमखास यश’ छापलेलं पुस्तक मी दर्शनी मांडतो, तेव्हा ती हमी दोनशेतल्या एकालाच लागू पडणार हे मला पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असून गप्प राहणं सचोटीत बसत नाही. विकण्याचा मला हक्क आहे, पण मला माहीत असलेलं सांगणं हे माझं कर्तव्यही आहे. म्हणून आता जागा किती आणि मागच्या वेळी अर्ज किती आले, ते पुस्तक हातात देतानाच सांगतो. एखादं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

सरकारनं शुल्क नाममात्र ठेवावं, गुणांचं सूत्र सोप्या मराठीत आधीच छापावं आणि नाकारलेल्यालाही कारण कळवावं. आणि पोरांनो, पुस्तक घ्या, मनापासून अभ्यास करा. पण किती वर्षं द्यायची ते आधी घरच्यांशी बसून ठरवा, आणि दुसरं एखादं काम हाताशी ठेवा.