रुळावरचे नाव



भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढे आपल्या रेल्वेचे रूळ याच कारखान्यात घडू लागले. रूळ जवळून पाहिला तर त्याच्या उभ्या बाजूवर उठावाची अक्षरे दिसतात: कोणी घडवला, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी, कोणत्या प्रतीच्या पोलादाचा. कारखान्याच्या भाषेत हाच 'ब्रँड'. वितळणीचा क्रमांकही त्यावर ठोकलेला असतो. उद्या रूळ तडकला, तर तो कोणत्या वितळणीतला हे शोधता यावे म्हणून ही सारी नोंद. चाक जिथून धावते, त्या माथ्यावर मात्र एकही अक्षर नसते.

आता नाव उमटवायला लिंक्डइन, फेसबुक, व्हॉट्सॲप स्टेटस अशा जागा प्रत्येकाच्या हातात आल्या आहेत. तरुण साधक विचारतात, नोकरी देणारे म्हणतात स्वतःला दाखवा, अध्यात्म सांगते नम्र राहा. आम्ही करायचे काय?

गीतेच्या १३व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना आरंभीच अमानित्व आणि अदंभित्व येतात. अदंभित्व समजावताना ज्ञानेश्वर महाराज शेतकऱ्याचा दाखला देतात. तो पेरलेले बी मातीने झाकतो, तसे आपले दानपुण्य झाकावे. इथे झाकायचे आहे ते दानपुण्य. अंगचे कौशल्य लपवा, असे त्यात म्हटलेले नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वेल्डरने आपले प्रमाणपत्र दडवून ठेवले, तर ज्याला त्याची गरज आहे त्याने त्याला शोधायचे कुठे?

आपण नेमके उलटे करतो. थंडीत पाच घोंगड्या वाटतो आणि पंधरा फोटो टाकतो. घोंगडी घेणाऱ्याचा चेहरा त्यात स्पष्ट दिसतो. त्याच्या मुलाच्या वर्गमित्रांनाही दिसतो. त्याला विचारले होते का कोणी?

आणि कामाचे सांगताना? 'मी प्रकल्प उभा केला' असे एक जण लिहितो. त्याच्याबरोबर रात्रपाळी केलेले आठ जण ते वाचतात, अंगठाही दाखवतात, बोलत काही नाहीत. पण कारखान्यात माणसे एकमेकांच्या शब्दावर जीव टाकतात. 'गॅसची लाइन बंद आहे, आत जा' हे वाक्य उद्या त्याच माणसाने उच्चारले, तर ऐकणाऱ्याचे पाऊल क्षणभर अडखळेल. ही झीज पडद्यावर दिसत नाही.

'न दाखवता कळणार कसे?' असेही विचारले जाते. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंना पंडवानी गाते म्हणून समाजाने बाहेर काढले होते. त्या गातच राहिल्या. हातातला तंबुरा भीमाची गदा झाला की लोकांना भीम दिसे, बाई दिसत नसत. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. अर्थात, प्रत्येकाच्या वाट्याला असे श्रोते येत नाहीत. पोट भरायचे असेल तर आपले काम सांगावेच लागते, त्यात कमीपणा नाही.

तेव्हा आज रात्री आपले प्रोफाइल उघडा. प्रत्येक ओळ आपल्या पाळीतल्या सोबत्यासमोर मोठ्याने वाचता येईल का, ते पाहा. येत नसेल तिथे 'मी'च्या जागी 'आम्ही' लिहा. सोबत्यांची हरकत नसेल, तर त्यांची नावेही लिहा.