आधी कुणाचा रस्ता?

28 जानेवारी 2014 रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जेमतेम अडीच इंच बर्फ पडला आणि शहर ठप्प झाले. हजारो माणसांनी रात्र गाडीत काढली. कित्येक मुले शाळेतच झोपली. मॉन्ट्रियलमध्ये एका हिवाळ्यात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो, तरी शहर चालू राहते. त्यामुळे अटलांटाला तेव्हा लोक भरपूर हसले. मला ते अन्यायाचे वाटते. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी पडणाऱ्या बर्फासाठी यंत्रांचा ताफा पोसणे कुठल्याच शहराला परवडणारे नाही. अटलांटाचे चुकले ते दुसरीकडेच. दुपारच्या सुमाराला शाळा, कचेऱ्या, दुकाने सगळे एकदमच सुटले. रस्ते गाड्यांनी भरले आणि मीठ-वाळू टाकायला निघालेले ट्रकही त्याच कोंडीत अडकले. कुणी आधी निघायचे आणि कुणी थांबायचे, हे सकाळीच ठरवायला एक पैसाही लागला नसता.

साधने ज्या त्या हवेप्रमाणे ठरतात, त्यात उसनवारी चालत नाही. साध्या मिठाचा उपयोग उणे नऊ-दहा अंशांपर्यंत. त्याहून कडक थंडीत वाळू पसरून चाकांना पकड मिळवून द्यावी लागते. जपानमध्ये नागाओकाच्या रस्त्यांत नळ पुरलेले आहेत. त्यांतून उपसलेले भूजल फवाऱ्यासारखे उडते आणि बर्फ पडता पडताच विरघळतो. तिथला बर्फ ओला, हवा शून्याच्या आसपास, म्हणून हे जमते. हेच पाणी कडक थंडीच्या साप्पोरो शहरात रस्त्यावर सोडले तर गोठून त्याचीच काच होईल. भूजलाच्या या उपशाने नागाओकाच्या भागात काही ठिकाणी जमीन खचली, ही त्याची किंमत.

पण साधने ठरली तरी आधी कुणाचा रस्ता, हा प्रश्न उरतोच. बहुतेक ठिकाणी आधी हमरस्ते, मग गल्ल्या आणि सर्वांत शेवटी पदपथ असा क्रम असतो. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या लहान शहराने तो तपासून पाहिला. पायी, सायकलने, बसने जाणाऱ्यांत बायका जास्त. घसरून हातपाय मोडून घेणाऱ्यांतही पायी चालणारेच जास्त. चार बोटे बर्फातून मोटार निघते, बाबागाडी रुतते. म्हणून तिथे पदपथ, सायकलमार्ग आणि पाळणाघरांकडे जाणारे रस्ते आधी साफ होऊ लागले. स्टॉकहोमनेही ही वाट धरली. तिथे नोव्हेंबर 2016 मध्ये विक्रमी बर्फ पडून शहर अडले, तेव्हा खापर या क्रमावर फुटले. पण त्या दिवसांत पदपथही मोकळे नव्हतेच. कमी पडली ती यंत्रणा; क्रम बरोबरच होता, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न झोजी ला खिंडीत उभा आहे. श्रीनगर-लेह रस्त्यावरची, साडेअकरा हजार फुटांवरची ही खिंड पूर्वी पाच-सहा महिने बंद असे. 2023 मध्ये ती 68 दिवसांनी उघडली, 2025 मध्ये 32 दिवसांनी. सीमा रस्ते संघटनेचा ‘बीकन’ प्रकल्प सोनमर्गकडून आणि ‘विजयक’ द्रासकडून बर्फ कापत येतो. डोझर आणि स्नो कटर दोन्ही बाजूंनी पुढे सरकतात, दोहों अंगांना माणसाच्या कितीतरी वर बर्फाच्या भिंती उभ्या राहतात आणि वरच्या उतारावरून हिमकडा कधी सुटेल याचा नेम नसतो. हे काम थोर आहे. लष्कराची रसद याच वाटेने जाते, तेव्हा महामार्ग आधी, हेही मला मान्य आहे.

मात्र बातमी होते ती खिंड उघडल्याच्या दिवसाची. आडगावातून कारगिलच्या रुग्णालयापर्यंत बाळंतिणीला नेणारा फाटा कधी उघडला, याची मोजदाद तितक्याच जाहीरपणे का होऊ नये? झोजी लाच्या बोगद्याचे काम चालू आहे. तो झाला की खिंडीवर राबणारी बरीच यंत्रे आणि माणसे मोकळी होतील. ती कुठल्या फाट्यांवर, कोणत्या क्रमाने जायची, याची यादी गावकऱ्यांना विचारून आत्ताच करायला हवी.