पायरीवर बसलेला मुलगा

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही पुण्यात जिथे बसतो, तिथे बिअर तिथल्याच टाक्यांमध्ये बनते. परवा तिथे उरणच्या जुन्या भट्ट्यांचा विषय निघाला. एकोणिसाव्या शतकात उरणला पारशी मालकांच्या मोहाच्या दारूच्या कितीतरी भट्ट्या होत्या. माल बोटीने मुंबईला जायचा. "केवढा वारसा गेला," एक जण हळहळला. मीही मान डोलावली.

घरी जाताना नेकनूर आठवलं. बाजाराच्या दिवशी तात्या, म्हणजे माझे चुलते, निघाले की मोठी आई मला सोबत धाडायची, पैसे घरी यावेत म्हणून. तात्या मला भजी घेऊन द्यायचे आणि देशीच्या दुकानाबाहेर पायरीवर बसवून आत जायचे. पुढे ते दारूनेच गेले. त्या दुकानाला कुणी वारसा म्हणणार नाही.

मग उरणच्या भट्टीबद्दल हळहळ आणि या दुकानाबद्दल चीड, असं का? मला वाटतं, उरणच्या पिणाऱ्यांच्या बायका आता बोलायला उरलेल्या नाहीत, एवढाच फरक आहे.

कायद्याकडे पाहून बरं-वाईट ठरवावं म्हटलं, तर तिथेही घोटाळा. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने पाड्यांवरच्या घरगुती भट्ट्यांचा गळा आवळला आणि परवान्याच्या मोठ्या भट्ट्यांचं फावलं. १८९२मध्ये ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं बाळगण्यावरही कायद्याने बंधन आलं. ही फुलं आदिवासींच्या खाण्यातलीही होती. सरकारला काळजी होती ती बुडणाऱ्या कराची. १९४९ला मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला, आणि चोरट्या हातभट्ट्या सुरू झाल्या.

आजची देशी बहुतेक उसाच्या मळीपासून होते. तात्या दरवर्षी उचल घेऊन कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. त्यांनी तोडलेल्या उसाची मळी बाटलीत भरून त्यांनाच विकली जात होती, हे मला इंजिनिअर झाल्यावर समजलं.

म्हणून सरसकट बंदी हवी, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः पितो, आणि बंदीत पोलीस आधी झोपडीतच शिरतात. पण आपल्या राज्यात एक चांगली तरतूद आहे: गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी बाटली आडवी केली, तर दुकान बंद होतं. ज्यांना सोसावं लागतं त्यांना विचारणारा एवढाच कायदा मला दिसतो. मोठ्या आईला मात्र तसं कधी कुणी विचारलं नाही.

उरणच्या भट्ट्यांचा इतिहास जरूर लिहावा. फक्त त्यात मालक, परवाने आणि बोटींसोबत बाहेर पायरीवर कोण बसलं होतं, तेही यावं. परवा टेबलावर हे मी बोलायला हवं होतं. बोललो नाही, दुसरा ग्लास मागवला.